‘त्सदाका’ला मराठीत ‘दान’ म्हणावे का?

प्रश्न : २०१० च्या हैतीतील भूकंपानंतर अमेरिकेतील ज्यू संस्थांनी उभारलेल्या निधीविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘त्सदाका’ या हिब्रू शब्दापाशी मी अडखळलो आहे. तेथे सरळ ‘दान’ लिहावे का?

उत्तर १ : लिहिता येईल, पण शब्दाचा गाभा निसटेल. ‘त्सदाका’ आणि न्याय या अर्थाचा ‘त्सेदेक’ हे एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. म्हणूनच बायबलच्या मराठी भाषांतरांत या शब्दासाठी ‘नीतिमत्त्व’ असा शब्द आढळतो. दानात दात्याचे औदार्य पुढे येते आणि त्याच्या पदरी पुण्य पडते. त्सदाका मात्र ऐच्छिक नाही. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे जो स्वतः त्सदाकावर जगतो, त्यानेही त्यातून काही द्यावयाचे असते. अरबीतील ‘सदका’ हा याच कुळातला शब्द. ‘खैरात’ मात्र कृपया वापरू नये, कारण मराठीत त्याला आता उधळपट्टीचा वास येतो.

उत्तर २ : वरील व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु भूकंपाच्या संदर्भात ‘गमिलुत हसादीम’, म्हणजे कृपाकर्म, हा दुसरा शब्दही लक्षात घ्यावा लागेल. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्रीय ग्रंथामध्ये या दोहोंतील भेद सांगितला आहे : त्सदाका पैशाने होते, गमिलुत हसादीम पैशाने आणि अंगमेहनतीनेही, पहिली गरिबांसाठी, दुसरे गरीब-श्रीमंत दोघांसाठी, पहिली जिवंतांसाठी, दुसरे जिवंत आणि मृत दोघांसाठी. घर कोसळलेला सावकारही त्या रात्री उघड्यावरच असतो आणि ढिगाऱ्यातून प्रेत काढणाऱ्याच्या हातात पावतीपुस्तक नसते, हे पाहिले की हा भेद किती नेमका आहे ते कळते. ‘जॉइंट’ या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतील ज्यू मदतसंस्था १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात सापडलेल्या ज्यूंसाठी निघाली. २००४ ची त्सुनामी आणि हैतीचा भूकंप या प्रसंगी मात्र तिने ज्यू नसलेल्यांसाठीही निधी जमवला. त्यालाही जुना आधार आहे, कारण शांतता नांदावी म्हणून परधर्मीय गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर पोसावे, असे तालमूदच सांगतो. बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस याने देण्याच्या आठ पायऱ्या सांगताना घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे करणारी मदत सर्वांत वर ठेवली आहे. त्या हिशेबाने कोळ्याला शिध्याच्या पिशवीपेक्षा होडी देणे श्रेष्ठ ठरते.

प्रश्नकर्ता : मग ‘धर्मादाय’ कसा वाटतो?

उत्तर १ : अर्थाने जवळचा आहे, पण त्यावर आता आयुक्तालयाचा शिक्का बसला आहे. माझे मत ‘देणे’ या साध्या शब्दाला आहे. मराठीत ‘देणे’ ही क्रियाही आहे आणि फेडावयाची रक्कमही. ‘समाजाचे देणे’ म्हणताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

उत्तर २ : मथळ्यात नुसते ‘ज्यूंचे देणे’ छापले, तर ज्यूंवर कोणाचे कर्ज आहे असा प्रश्न वाचकाला पडेल. मथळ्यात ‘मदतनिधी’ ठेवावा आणि ‘देणे’ मजकुरात, ‘त्सदाका’ प्रथम येईल तेथे, एका वाक्याच्या खुलाशासह वापरावा.