जुनं सहा सिलिंडर इंजिन गिअरसकट घेतोय, काय काय तपासू?

हर्णैकर
नमस्कार मंडळी. आमची ४२ फुटी लाकडी बोट आहे, ट्रॉलिंगची, म्हणजे जाळं ओढून मासे पकडायची. चार सिलिंडरचं इंजिन होतं, मे अखेरीस त्याचा क्रँकच गेला. बोट आता वर ओढून शाकारून ठेवलीय. नव्या इंजिनाची किंमत ऐकून वडील गप्पच झाले. उरणजवळ करंज्याला मोडीत काढलेल्या एका बोटीचं सहा सिलिंडर लेलँड गिअरसकट साडेतीन लाखांना सांगतायत. इंजिन बाहेर काढून लोखंडी फ्रेमवर ठेवलंय, चालू करून दाखवतो म्हणाले. पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, त्याच्या आत बसवायला हवं. आमचा गिअर ३:१ आहे, पंखा (प्रोपेलर) २८ × १८ इंची. गिअर त्यांचा घेऊ की आपलाच लावू? रविवारी बघायला जातोय.

बंदरमिस्त्री
गेल्यागेल्या इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलंय, मग परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. जुन्या इंजिनाची खरी तब्येत थंड असतानाच कळते. किती वेळ स्टार्टर मारावा लागतो, पहिला धूर कसला येतो ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल फवारणारे नोझल खराब, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी, नाहीतर हेडमध्ये पाणी. काळा धूर फ्रेमवर सहसा दिसणार नाही, कारण लोड नाही.

चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ येतेच, पण रेल्वे इंजिनासारखे फुसके मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) गेलेत. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नको. आणि एक काम नक्की करा: ऑइल फिल्टर काढून करवतीने कापा, आतला कागद उलगडून उन्हात धरा. तांबूस-पितळी चमक दिसली तर बेअरिंग संपत आलंय. ताजा रंग मारलेलं इंजिन बघून खूश होऊ नका. हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाचं पाणी थंड करतो तो) सांध्यांवर, होजच्या क्लिपांखाली मिठाची पांढरी पूड शोधा, तिथे रंग टिकत नाही.

कॉम्प्रेशन गेज घेऊन जा. आकडा किती याहून सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, ते महत्त्वाचं.

दर्या_मालवण
मिस्त्रीकाकांनी इंजिनाचं सगळं सांगितलं, मी गिअरचं सांगतो, कारण तिथेच माझे दोन महिने आणि बरेच पैसे गेले.

गिअरवरच्या प्लेटवर रेशो वाचा. प्लेट नसेल तर गिअर टाकून हाताने इंजिन फिरवा आणि पंख्याच्या शाफ्टचा एक फेरा पुरा व्हायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते मोजा. तुमचं ३:१ म्हणजे इंजिन १८०० ला असताना पंखा ६०० फेरे घेतो. त्यांचा गिअर २:१ निघाला तर तोच पंखा ९०० फेरे मागेल. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनात वाढते. दीडपट फेरे म्हणजे जवळपास ३.४ पट ताकद, आणि तुमचं इंजिन काही ३.४ पट मोठं होणार नाही. माझं अगदी हेच झालं होतं. इंजिन १३०० च्या वर चढेना, काळा धूर, पाणी उकळायला लागलं. मी इंजिनालाच दोष देत बसलो, दोनदा नोझल काढले. शेवटी एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, "गिअर कितीचा?"

तुमचा जुना गिअर लावू नका, तो चार सिलिंडरच्या ताकदीचा आहे. जाळं ओढायला हळू फिरणारा मोठा पंखाच बरा, म्हणून सहा सिलिंडरला झेपणारा ३:१ च शोधा. पंखा उजवीकडे फिरणारा की डावीकडे हेही बघा. बऱ्याच गिअरची रिव्हर्स बाजू थोडा वेळ चालवायचीच असते. उलट्या पंख्यासाठी कायम रिव्हर्सवर चालवला तर क्लच जळतो.

खाडीकाठ
कागद विसरू नका. इंजिन नंबर नौकेच्या नोंदणीत असतो. त्या बोटीच्या कागदांवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवा, बिल घ्या, आणि बोटीवर एनसीडीसीचं (राष्ट्रीय सहकार विकास निगम) किंवा मच्छीमार सोसायटीचं कर्ज थकलेलं नाही ना ते विचारा. नंतर मत्स्यव्यवसाय कार्यालयात बदल नोंदवा, नाहीतर डिझेल परताव्याची फाइल अडते.

ती मोडीतली बोट अजून पाण्यात असती तर जेट्टीला दोराने बांधून, गिअर टाकून, इंजिन अर्धा तास लोडवर चालवता आलं असतं. गिअर घसरतोय का ते तेव्हाच कळतं. फ्रेमवरचं इंजिन मी तरी घेणार नाही.

बंदरमिस्त्री
घ्यावं, पण ओव्हरहॉल करायचं धरूनच भाव द्यावा.

हर्णैकर
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी आठला पोचलो, ब्लॉक कोमट होता. काही न बोलता निघालो, उरणला बहिणीकडे राहिलो, सोमवारी पहाटे गेलो. पाचव्या दणक्याला चालू झालं, पांढरा धूर दहा मिनिटांनी कमी झाला पण गेला नाही. कॉम्प्रेशन पाच सिलिंडरना २६ ते २७ किलो, तिसऱ्याला १९. फिल्टर कापला, चमक नाही. नंबर कागदांशी जुळला, कर्ज फिटलेलं आहे. गिअरच्या प्लेटवर २:१, आणि ऑइलला जळका वास.

गिअर नको म्हटलं. नुसत्या इंजिनाचे एक लाख नव्वद ठरले, अजून एक रुपयाही दिलेला नाही. काका, हेड उघडून बघितल्यावरच पैसे देऊ ना?

बंदरमिस्त्री
हो. तिसऱ्या लायनरवर वरून खाली हाताचं बोट फिरवा. उभी रेघ नखाला लागली तर एक लायनर आणि पिस्टन बदलायचे, तेवढे भावातून कापा. हेडला चीर असेल तर सोडून द्या. गिअरसाठी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात विचारतो, तुमच्या शाफ्टचा व्यास आणि फ्लँजच्या (गिअरला जोडायच्या चकतीच्या) बोल्टांचं अंतर मोजून इथे टाका.

हर्णैकर
उद्या सकाळी मोजतो.