१,९०,००० किलोमीटर चाललेली डिझेल गाडी घ्यावी का?

प्रश्न:

सात वर्षांची, एकाच मालकाची डिझेल गाडी बघून आलोय. रनिंग १,९०,०००. मालकांची नोकरी फिरतीची, त्यामुळे बहुतेक चाल हायवेची. सर्व्हिसच्या नोंदी १,४०,००० पर्यंत सलग आहेत, पुढच्या नाहीत. "त्यानंतर बाहेर करून घेतली," म्हणाले. चालवून पाहिली, गाडी ओढते छान.

भीती वाटते, कारण मागची जुनी गाडी मी ६२,००० चा आकडा बघून घेतली आणि चार महिन्यांत तिचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागलं. पुन्हा तसं झालेलं परवडणार नाही. ऑफिस ६ किलोमीटरवर आहे. महिन्यातून एकदा आईला तपासणीसाठी २५० किलोमीटर न्यावं लागतं. ती मागच्या सीटवर आडवी झोपून येते, अशा वेळी गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचं, हाच विचार सारखा डोक्यात असतो. घ्यावी का?

उत्तर १:

बिनधास्त घ्या. माझी २,८०,००० वर आहे, रोज १०० किलोमीटर जाते. ऑइल आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलले, टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) अजून हात लावावा लागलेला नाही.

उत्तर २:

वीस वर्षं डिझेल इंजिनांचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१,९०,००० ला घाबरू नका. वर्षाला साधारण २७,००० पडले, म्हणजे मालक सांगतात ते आकड्याशी जुळतं. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती थंड असताना सुरू करताना. हायवेची गाडी एकदा तापली की तासन् तास एका चालीत पळते. ६२,००० ची गाडी रोज दोन-दोन किलोमीटर फिरलेली असेल तर ती हिच्यापेक्षा जास्त थकलेली असू शकते.

मला काळजी वाटते ती तुमच्या सहा किलोमीटरची. या गाडीत डीपीएफ असू शकतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि पंधरा-वीस मिनिटं सलग चाल लागते. सहा किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही. जाळणं अर्धवट राहतं, त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, धोका तोच आहे. पातळ ऑइलवर आधी टर्बोचं बेअरिंग जातं. शिवाय काजळी जळते, ऑइलमधून येणारी राख जळत नाही, फिल्टरमध्ये साठत जाते. १,९०,००० नंतर त्या फिल्टरमध्ये मोकळी जागा किती उरली असेल, विचार करा. महिन्यातली एक लांबची फेरी याला पुरेशी नाही.

तरीही बघायचीच असेल तर सकाळी थंड गाडी बघा. जाण्याआधी "सुरू करून ठेवू नका" असं सांगा, पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. सेल्फ मारताच गाडी लागली पाहिजे. पांढरा धूर निघत राहिला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) बिघडलाय किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. मग आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून, ऑइलचं झाकण फिरवून नुसतं वर ठेवा. ते उडायला लागलं, खालून भकाभका वाफ आली, तर इंजिन आतून झिजलंय, तिथूनच परत फिरा. ऑइल काळं आहे म्हणून मात्र गाडी नाकारू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलसुद्धा लगेच काळं पडतं. बंद करताना दणका बसला तर फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) तपासून घ्या.

आणि पिस्टन-व्हॉल्व्हचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. बेल्ट असेल तर बदलल्याची पावती दाखवायला सांगा. बेल्ट चालू गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि आई मागे झोपलेली असताना ते व्हायला नको.

प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. आज सकाळी सातला गेलो. बॉनेट गार होतं. एका सेल्फमध्ये लागली, धूर नाही, झाकण जागचं हललं नाही. ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, इंजेक्टरच्या आकड्यांत त्याला काही वावगं दिसलं नाही. गाडी बेल्टची निघाली. पावती मागितली तर मालकांनी शोधाशोध केली, मिळाली नाही. माणूस सरळ वाटला. "मग बदललेला नाही असंच धरा," म्हणाले.

उत्तर २:

मग गाडी चांगली आहे. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप हा खर्च किमतीतून वजा करून घ्यायचा आणि आधी ते काम करून मगच लांब न्यायची. पण पुन्हा सांगतो, रोज सहा किलोमीटर जाणाऱ्या माणसासाठी ती नाही. तुम्ही पेट्रोल बघा, रनिंग थोडं जास्त असलं तरी चालेल.

प्रश्नकर्ता:

रात्रभर विचार केला. गाडी मनात भरली होती, म्हणून जड गेलं, पण सोडली. ऑफिसातली एक सहकारी रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर करते, सगळं मोकळ्या रस्त्याने. तिला बेल्टचं सांगून मालकांचा नंबर दिलाय, रविवारी ती बघायला जाणार आहे. मी त्याच दिवशी एक पेट्रोल गाडी बघतोय, ८८,००० ची. तिच्याही मालकांना सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत सुरू करू नका.