क्योतोला काइसेकी जेवायचंय, मी पक्की व्हेज, हे मासेखाऊ. जावं का?

रानजाई (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी जपानला चाललोय, चार दिवस टोकियो चार दिवस क्योतो, आणि भाचा ओसाकाला असतो तो मागे लागलाय की मामी, क्योतोला येऊन काइसेकी जेवला नाहीत तर आलात कशाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे नऊ-दहा पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येक एवढुस्सा, दोन तास चालतं, आणि मेनू आपण ठरवायचा नाही, ते वाढतील ते खायचं. त्याने सुचवलेल्या ठिकाणी रात्रीचे माणशी २५ हजार येन, वर सर्व्हिस चार्ज वेगळा. म्हणजे दोघांचे मिळून आपले तीस-बत्तीस हजार रुपये!! एवढ्यात आमच्या गंगापूर रोडच्या अख्ख्या सोसायटीचं हळदीकुंकू होतं, जिलबीसकट.

ह्यांचं काही नाही, हे मासे खातात. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. भाचा म्हणतो सांगून ठेवू, मासे काढून देतील. माझे गुडघेही बरे नाहीत, खाली बसते पण उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. आणि खरं विचारू का, पोट भरतं का हो? पर्समध्ये दशम्या ठेवू का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूब मीही बघते.

घाटातलं_धुकं

ताई, अंबडच्या प्लांटमधून कंपनीने दोन वर्षं नागोयाला पाठवलं होतं तेव्हा क्लायंटबरोबर तीन-चारदा काइसेकी झालंय, स्वतःच्या खिशातून एकदाच, त्यामुळे किमतीचं दुःख मला कळतं.

आधी भाच्याचं ते 'मासे काढून देतील' बघू. तसं नसतं हो ते, कारण मासा नुसता तुकड्यात नसतो, पाण्यात असतो. दाशी म्हणतात त्याला. कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली जाड पट्टी, बरीचशी होक्काइदोहून येते, ती पाण्यात हळूहळू तापवतात, मग काढून त्यात कात्सुओबुशी टाकतात, म्हणजे बोनिटो मासा धुरावून लाकडासारखा कडक वाळवलेला आणि त्याचे रंधा मारल्यासारखे पापुद्रे काढलेले, आणि थोड्याच वेळात गाळून घेतात. दिसायला पातळ काळ्या चहासारखं, तुम्हाला संशयसुद्धा येणार नाही. हेच पाणी सूपला, हेच शिजवलेल्या भाजीला, हेच तेम्पुराबरोबरच्या (पिठात बुडवून तळलेल्या भज्यांसारख्या प्रकाराच्या) वाटीत, हेच मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये. भोपळ्याची फोड दिसते म्हणून तुम्ही निवांत खाल आणि ती शिजलेली असते माशाच्या पाण्यात. झालेल्या आमटीतून फोडणी काढून द्या म्हणण्यासारखं आहे ते.

त्यामुळे 'फिश नको' एवढं सांगून भागत नाही, 'कात्सुओची दाशी नको, कोम्बू आणि वाळलेल्या शिताके मशरूमची दाशी चालेल' असं भाच्याकडून जपानीत लिहून घ्या, आणि तेही बुकिंग करतानाच. टेबलावर बसून सांगितलंत तर स्वयंपाकी काही करू शकत नाही, दाशी सकाळीच बनलेली असते. अंडं वेगळं सांगा. मिरिन आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, पण स्वयंपाकात सर्रास असतात, ते चालत नसेल तर तेही सांगा. बऱ्याच जागा सरळ जमणार नाही म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, उलट हो म्हणणाऱ्याला दोनदा विचारा.

पोट भरतं. पण आपल्यासारखं नाही भरत, क्रमच उलटा आहे. आधी साकिझुके म्हणून तोंड चाळवायला काहीतरी, मग झाकणाच्या वाटीत सूप, साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, हास्सुन म्हणजे त्या ऋतूचं थोडं थोडं मांडलेलं तबक, भाजलेला एक प्रकार, शिजवलेला एक, कुठे तळलेलं कुठे आंबट, आणि सगळ्यात शेवटी भात, मिसो सूप आणि लोणचं. भात आला म्हणजे जेवण आटपत आलं. मला पहिल्यांदा हे माहीत नव्हतं, मी आपला प्रत्येक पदार्थ अर्धा ठेवतोय, भात आला की बरोबर खाऊ म्हणून, आणि ती वाढणारी बाई येऊन बघतेय, कावरीबावरी होऊन परत जातेय, शेवटी आमच्या साहेबांनी विचारलं की तुला आवडत नाहीये का. तोपर्यंत चार ताटल्या साचल्या होत्या माझ्यासमोर 😄

सूपच्या वाटीचं झाकण वाफेने घट्ट बसतं, ओढत बसू नका, डाव्या हाताने वाटी दोन्ही बाजूंनी हलकीच दाबायची, फुस्स होतं आणि सुटतं. मग लगेच काही खायचं नाही, आधी वास घ्यायचा, त्यात बहुतेक युझूच्या सालीचा एक तुकडा असतो (आपल्या ईडलिंबाच्या भावकीतलं फळ). अख्ख्या जेवणात स्वयंपाक्याची परीक्षा त्या वाटीत असते असं तिकडचे लोक मानतात. १९०८ मध्ये इकेदा नावाच्या टोकियोतल्या प्राध्यापकांनी कोम्बूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं, म्हणजे तुम्ही व्हेज असलात तरी मूळ मुद्द्याची चव तुम्हाला मिळतेच.

आणि वेळ. सहा म्हणजे सहा. साडेसहाला पोचलात तर पहिले दोन पदार्थ गेले समजा, आणि त्याच दिवशी कॅन्सल केलंत तर बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे कापतात. टीप मात्र ठेवायची नाही, मागे धावत येऊन परत देतात.

तर्री_वाढ_रे

मी विरुद्ध बाजूने लिहितो. नाव घेत नाही, पण आम्ही असेच हौसेने गेलो होतो, मेलवर व्हेज लिहिलेलं, त्यांचं 'ओके' आलेलं. पहिले दोन प्रकार ठीक. मग मला साशिमी आणि बायकोला त्याच थाटात काकडी आणि कोन्याकूचे (एका कंदाच्या जेलीचे) काप, ते रबरासारखं लागतं, चावा आणि विचार करा. तिसऱ्या वाटीला तिने वास घेतला आणि माझ्याकडे सरकवली. विचारलं तर ती वाढणारी मुलगी आत गेली, बाहेर आली, आणि एवढी वाकून माफी मागायला लागली की आम्हालाच अपराधी वाटायला लागलं. बिल दोघांचं सारखंच. बाहेर पडून कन्व्हिनियन्स स्टोअरमधून उमेबोशीची ओनिगिरी (आंबट खारवलेलं फळ भरलेला भाताचा गोळा) घेतली आणि कालव्याच्या कठड्यावर बसून खाल्ली, बायको म्हणाली जपानमधलं बेस्ट जेवण.

आपण नाशिकचे लोक, एका मिसळीवर तीनदा रस्सा मागून घेणारे. तिथे मागायची सोयच नाही. तीस हजारात त्या सुंदर वाट्या घरी देत असतील तर जा.

घाटातलं_धुकं

@तर्री_वाढ_रे भात मागितला तर परत वाढतात हो, तेवढी सोय आहे. आणि वहिनींना सांगू नका, पण उमेबोशीच्या ओनिगिरीतसुद्धा पुष्कळदा कात्सुओ असतो, पाकिटाच्या मागे वाचायचं.

तर्री_वाढ_रे

आता बोलू नका ना राव. हे मी वाचलेलंच नाही.

दिंडोरीचा_माळ

आम्ही सहा जण द्राक्षबागांच्या अभ्यासदौऱ्याला गेलो होतो तिकडे, शेवटच्या दिवशी आयोजकांनी असंच जेवण दिलं. मी मासे खातो त्यामुळे ती अडचण नाही. सगळं छान, आणि शेवटी फळ म्हणून ताटलीत काय आलं तर शाइन मस्कतचे तीन मणी. तीन! साल काढलेले, बर्फासारख्या गार काचेच्या ताटलीत. सहा द्राक्षवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो, आमच्याकडे पाहुण्याला क्रेट देतात.

पण तिथल्या दुभाष्याने एक गोष्ट सांगितली ती मला पटली. त्यांच्याकडे एकाच मालाचे तीन काळ धरतात, हाशिरी म्हणजे नुकता यायला लागलेला, शुन म्हणजे ऐन भरातला, नागोरी म्हणजे संपत आलेला, आता वर्षभर दिसणार नाही तो. चांगला स्वयंपाकी तिन्ही थोडं थोडं एका जेवणात बसवतो. आता बघा, सटाण्याकडची अर्ली द्राक्षं बाजारात आली की आपण भाव जास्त देतो, फेब्रुवारी-मार्चला पेटीने घेतो आणि एप्रिलच्या शेवटच्या मालाला नावं ठेवतो. त्या शेवटच्यालाही ते मान देतात. मला माझा एप्रिलचा माल आठवला, व्यापारी तोंड वाकडं करून घेऊन गेला होता.

ताई, तुम्ही नोव्हेंबरला जाताय म्हणजे तिकडे चेस्टनट, गिंकोच्या बिया, पर्सिमन, सलगम, ताटलीत लाल मेपलचं पान. व्हेज माणसाला तो ऋतू वाईट नाही.

अंबाडी

रानजाई, तुम्ही चुकीच्या दुकानात चौकशी करताय असं मला वाटतं. तुम्हाला काइसेकी नाही, शोजिन र्‍योरी हवंय. बौद्ध मठांचं जेवण. मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही! आईला घेऊन गेले होते, ऐन चातुर्मासात, ती घाबरत घाबरत आली होती आणि हे ऐकून म्हणाली, मग हे लोक आपलेच की.

क्योतोत आराशियामाला तेन्र्‍यूजी म्हणून मंदिर आहे, १३३९ मध्ये सुरू झालेलं, बाग बघायलाच जगभरातून लोक येतात. त्याच्या आवारात शिगेत्सु नावाची जेवणाची जागा आहे, फक्त दुपारी, आधी बुकिंग करून जा, बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पैसे तुमच्या आकड्याच्या मानाने किरकोळ. लांब दालनात जमिनीवर तांबडी पट्टी अंथरलेली, त्यावर सगळे ओळीने बसलेले, प्रत्येकासमोर लाल लाखेचं तबक. पंगतच! फक्त वाढपी आग्रह करत नाहीत. तिळाचं 'तोफू' मिळतं, गोमादोफू, ते सोयाबीनचं नसतं, तीळ वाटून कुझूच्या (एका वेलीच्या मुळाच्या) सत्त्वात घोटतात, खांडवी आणि खरवसाच्या मधलं काहीतरी लागतं. आईने त्याची कृती विचारायला लावली मला खुणा करून.

गुडघ्यांचं मात्र बघा, आम्ही गेलो तेव्हा तिथे जमिनीवरच बसायचं होतं, भिंतीकडेची जागा मागा म्हणजे उठताना टेकू मिळेल. दुसरीकडे कुठे गेलात तर होरिगोतात्सु आहे का विचारा, टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो, बाहेरून मांडी घातल्यासारखं दिसतं आणि आत पाय लोंबकळत. मोजे घाला हं, चपला बाहेर काढतात पण अनवाणी पायांनी तातामीवर (गवती चटयांच्या जमिनीवर) जाणं बरं दिसत नाही. अत्तर, सेंट काही नको, त्या सूपचा वास मरतो. आणि अंगठ्या-बांगड्या काढून जा. खरंच. भांडी लाखेची किंवा जुनी मातीची असतात, चरा पडतो. आईच्या पाटल्या मी रुमालात बांधून पर्समध्ये घेऊन बसले होते, अर्धं लक्ष जेवणात अर्धं पर्सकडे. भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तिकडे मेलेल्या माणसासमोर ठेवलेल्या भातात तशा खोचतात, रामकुंडावर पिंड बघत मोठे झालेल्यांना जास्त समजवायला नको.

अजून एक सांगते मग थांबते. काइसेकी दोन आहेत, उच्चार एकच पण लिहायला वेगळे. एक मेजवानीचं, तुमचा भाचा म्हणतोय ते. दुसरं चहाच्या समारंभाआधीचं, साधं, एक सूप आणि तीन पदार्थांच्या बेताचं. त्या नावाची गोष्ट अशी सांगतात की झेन साधू भूक मारायला गरम केलेला दगड कपड्यात पोटाशी धरून बसायचे, त्या दगडावरून हे नाव. मी एका चहाच्या क्लासमध्ये ते चहावालं जेवले. शेवटी एका भांड्यातून भाताच्या खरपुडीचं गरम पाणी येतं, ते आपापल्या वाटीत ओतून घ्यायचं, लोणच्याच्या फोडीने वाटी आतून फिरवून पुसायची, आणि ते पाणी पिऊन टाकायचं. माझे आजोबा पंचवटीच्या घरात रोज जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटाने फिरवून प्यायचे आणि आम्ही नातवंडं ईईई करायचो. तिथे मी एकटीच रडकुंडीला आले, बाकीच्यांना वाटलं लोणचं तिखट लागलं.

रानजाई (नाशिक)

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. ह्यांना वाचून दाखवलं. ठरलं असं की शिगेत्सुला दुपारी दोघं जाणार, आणि दुसऱ्या दिवशी हे आणि भाचा काइसेकीला, तेही रात्री नाही, दुपारी, भाचा म्हणतो दुपारचं बरंच स्वस्त पडतं (हे आधी का नाही बोलला कोण जाणे). मी तेवढ्यात बाजार फिरून येईन. हे आत्तापासून विचारतायत की द्राक्षाचे तीनच मणी का.

दशम्या नेतेच आहे, ट्रेनमध्ये लागतील.

एकच पंचाईत, उजव्या हातातली एक बांगडी गेल्या दहा वर्षांत निघालेली नाही.

अंबाडी

साबणाने नाही निघायची. हाताला प्लास्टिकची पिशवी चढवा, वरून खोबरेल लावा आणि सरकवा. आजच करून बघा, क्योतोला जाऊन नको.