मदत हवी आहे: मुलगा शनिवारी परत येतोय, कपाट कुठे हलवू?

रानजाई: मुलगा पुण्याहून सगळं सामान घेऊन परत येतोय आणि त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. माझं शिलाई मशीन, ह्यांची पुस्तकं, दिवाण, गोदरेजचं कपाट. खोली १० बाय १०. त्याला टेबल लावायचंय. कपाट कुठे हलवू ते पटकन सांगा. वास्तू वगैरे नको प्लीज.

सातपूरकर: फ्लॅट का बंगला? घरात माणसं किती? एवढं तरी लिहा ताई.

रानजाई: टूबीएचके, नाशिकला इंदिरानगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही दोघं आणि सासूबाई.

सिडकोवाला: हॉलकडची भिंत पाडा, मोकळं होईल. आम्ही पाडली, काही झालं नाही.

ओळंबा: काहीही सल्ले देऊ नका हो. भिंत ४ इंची आहे का ९ इंची ते आधी बघायला लागतं, जुन्या लोडबेअरिंग बांधकामात ९ इंची भिंतीवरच स्लॅब टेकलेला असतो. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावायचा नाही.

सिडकोवाला: आमचं अजून उभं आहे.

ओळंबा: अजून.

शुभदिशा: नको म्हणालात तरी सांगतो, जड कपाट नैऋत्येला.

सातपूरकर: कपाट साडेसहा फुटी असेल ना? आतलं सगळं रिकामं करा, कपाट १९ इंचच खोल असतं, आडव्या बाजूने दारातून निघतं. तुमच्या बेडरूममध्ये घ्या. मुलगा काम काय करतो?

रानजाई: आमच्यात पलंगच ६ बाय सव्वासहाचा, पण बघते. काम घरूनच, अमेरिकेच्या टीमबरोबर, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन.

मोगरा: अहो हे आधी सांगायचं ना! मग कपाटाचं काय घेऊन बसलात. पहाटे झोपणाऱ्याला सकाळी शांतता लागते. देवघर कुठाय?

रानजाई: त्याच खोलीत. सासूबाई साडेचारला घंटी वाजवतात.

मोगरा: आणि त्या झोपतात कुठे??

रानजाई: दिवाणावर. लिहायचं राहिलं.

गोदाकाठ: आत्ताच एवढी ओढाताण तर २०२७ च्या सिंहस्थाला काय करणार? २०१५ ला आमच्याकडे पंचवटीत सतरा पाहुणे, गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या, वरून पाऊस.

मोगरा: आज्जींना विचारलंत का?

रानजाई: विचारलं. म्हणाल्या नातू येतोय तर मी हॉलमध्ये पडेन, मला कुठे झोप लागते. पण डिसेंबरात इथली थंडी, त्यात हॉलला बाल्कनीचा सरकता दरवाजा, त्याच्या फटीतून रात्रभर गार वारा. मागच्या वर्षी नुसती सकाळी पेपर वाचत बसायच्या तिथे तर महिनाभर खोकत होत्या. ह्यांना विचारलं तर म्हणतात तू ठरव.

मोगरा: मग मुलगा हॉलमध्ये. तरणाताठा आहे.

सातपूरकर: आणि पहाटे तीनपर्यंत हॉलमध्ये इंग्रजीत बोलत बसला तर झोपायचं कुणी?

पाथर्डीफाटा: दिवाण देणार असाल तर कितीला? टेम्पो माझा.

रानजाई: दिवाण विकायचा नाहीये!! वरचं वाचा जरा.