कांजूर डंपिंगचा रात्रीचा वास, ‘समाधानकारक’ एक्यूआय आणि मुलाचा खोकला

केतकी_वि

नमस्कार. आम्ही दिवाळीनंतर चिपळूणहून विक्रोळीला, कन्नमवार नगरात भाड्याने राहायला आलो. नवऱ्याचं ऑफिस पवईला, म्हणून ही जागा सोयीची. दिवसा काही जाणवत नाही. रात्री दीड-दोन वाजले की मात्र सडक्या अंड्यांसारखा वास सुरू होतो, तो पहाटेपर्यंत टिकतो आणि ऊन चढलं की जातो. कांजूरच्या डंपिंगचा, म्हणजे कचराभूमीचा आहे, असं शेजारी सांगतात.

मुलगा चार वर्षांचा आहे. गावी सर्दी झाली तरी लवकर बरा व्हायचा. इथे रात्री खोकून खोकून उठतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. फोनवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) पाहते तर ८०-९०, खाली हिरव्या रंगात ‘समाधानकारक’. सासूबाई म्हणतात, वासाने कोणी आजारी पडत नाही. नवरा म्हणतो, खिडक्या लावून एसी सुरू करू. मेमध्ये भाडेकरार संपतोय. हा वास नुसता त्रासदायक आहे की अपायकारक? प्युरिफायर घ्यावा का? की सरळ घर बदलावं?

अप्पा_भांडुप

ताई, आम्ही भांडुप पूर्वेला राहतो. पहिलं वर्ष जड जातं, मग नाकाला सवय होते. घर सोडायची घाई करू नका, या भाड्यात आसपास दुसरं मिळणं कठीण आहे.

खाडीकाठ

अप्पा, नाकाला सवय होते हे खरंय, पण त्याने हवा बदलत नाही. माझी सगळी नोकरी कारखान्यांमध्ये वायू मोजण्यात गेली. आता निवृत्त आहे, राहतो विक्रोळीतच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केतकी, तुझ्या फोनवरचा आकडा खोटा नाही, पण तू त्याला जे विचारते आहेस त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. आपल्याकडचा एक्यूआय आठ घटकांवरून काढतात: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले बारीक आणि अतिबारीक धूलिकण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. सडक्या अंड्यांचा वास असतो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो या यादीतच नाही. शिवाय धूलिकणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो. रात्री दोन ते पाच तुमच्या खिडकीत काय आलं, ते त्या सरासरीत बुडून जातं. आणि मोजणारं केंद्र तुमच्या गच्चीवर नसतं.

‘समाधानकारक’ या शिक्क्याबद्दलही सांगतो. पीएम २.५ ची दिवसाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत गेली तरी तो शिक्का कायम राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच पातळी १५ वर आणली. छाती वाजणाऱ्या मुलाच्या आईने आपल्या हिरव्या रंगावर निर्धास्त होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वास अपायकारक आहे का. ओला कचरा हवेविना कुजला की त्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, साधारण निम्मा-निम्मा. त्यांना वास नसतो. वास येतो तो सोबत निघणाऱ्या थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा, अमोनियाचा आणि इतर सेंद्रिय वायूंचा. हायड्रोजन सल्फाइड आपलं नाक फार लवकर पकडतं. वासाचा उपद्रव होऊ नये म्हणून आरोग्य संघटनेने अर्ध्या तासाच्या सरासरीला ७ मायक्रोग्रॅमची पातळी सुचवली आहे, आणि तब्येतीसाठी २४ तासांना १५०. म्हणजे विषबाधेच्या पातळीच्या कितीतरी आधी वास येतो. गटारात उतरलेली माणसं ज्याने दगावतात तो वायू हाच, पण तिथे त्याचं प्रमाण हजारो पटींनी जास्त असतं आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास तर नाकच बधिर होतं. तशी स्थिती तुमच्या घरात नाही, त्यामुळे त्या भीतीने झोप घालवू नकोस.

पण सासूबाईंचं म्हणणंही मला पटत नाही. अशा वासाने डोकं दुखतं, मळमळतं, घसा खवखवतो, झोपेचं खोबरं होतं. ज्याच्या श्वासनलिका आधीच नाजूक आहेत त्याचा खोकला त्यानेही भडकू शकतो.

आणि ज्याला खरोखर घाबरावं तो धूर. वासात जळक्या प्लास्टिकची झाक आली की समजायचं, कुठेतरी कचरा पेटलाय. उघड्यावर जळताना तापमान कमी असतं, जळण अर्धवट होतं. त्यातून पीएम २.५, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन निघतं, पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळलं तर डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनंही. हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तात उतरतात. अशा रात्री मुलाला डंपिंगपासून सगळ्यात लांबच्या खोलीत झोपवायचं आणि सकाळी मैदानावर न्यायचं नाही.

प्युरिफायरचं म्हणाल तर हेपा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. एन-९५ मास्कचंही तसंच. वायूसाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. बाजारातल्या स्वस्त यंत्रांत कोळशाची पातळशी चटई असते, ती लवकर निकामी होते. धुरासाठी घ्यायचा तर जरूर घ्या, वासासाठी पैसे घालू नका. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तो लावायला हरकत नाही. पण बाथरूमचा एक्झॉस्ट चालू राहिला तर दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते. रात्री तो आठवणीने बंद करा.

मोहोर

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. काकांनी हवेचं सांगितलं, मी बाळाचं सांगते.

ताई, शिट्टीसारखा आवाज आणि रात्रीचा खोकला हे दोन्ही असताना मेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो दमाच असेल असं नाही, या वयात विषाणूंमुळेही छाती वाजते. पण घरात कुणाला दमा, त्वचेची ॲलर्जी आहे का, ते विचारून जा. डॉक्टरांनी औषध ओढायचा पंप (इन्हेलर) सुचवला तर ‘पंपाची सवय लागते’ म्हणून टाळू नका. पंपातून औषध अगदी कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं. इतक्या लहान मुलाला तो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्यायचा असतो, मास्क हवा का ते डॉक्टर सांगतील.

श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना किंवा पाणी पिताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असो की पहाट, तडक दवाखाना गाठायचा.

आणखी एक. बाहेरच्या वासाला घाबरून खिडक्या बंद करायच्या आणि आत मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती लावायची, असं खूप घरांत होतं. बंद खोलीत तो धूर मुलाला फार बाधतो. मच्छरदाणी लावा.

गोवंडीकर_सर

मी गोवंडीत, देवनार डंपिंगच्या शेजारच्या शिवाजी नगर भागात शिकवतो. देवनारचं डंपिंग १९२७ सालचं आहे. २०१६ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनानंतर लगेच, ते पेटलं आणि आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर नासाच्या उपग्रहचित्रातही दिसला. मार्चमध्ये पुन्हा आग. वरून पाणी मारलं तरी आतल्या थरांत कचरा धुमसत राहतो आणि मिथेन त्याला इंधन पुरवतो.

मोठ्या आगीची बातमी होते. आमच्याकडे छोटा धूर नेहमीचाच आहे. तांब्यासाठी वायर जाळतात, त्याचा काळा धूर वर्गात येतो. बाकावरची मुलं खोकतात आणि मी खिडक्या लावतो, मग गरमीने ती पेंगतात. यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील त्याच कचऱ्याच्या डोंगरावर भंगार वेचतात. त्यांना घर बदलायचा पर्याय नाही. केतकीताई, तुम्हाला आहे, तर तो वापरण्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण जाण्याआधी तक्रार नोंदवून जा. तुमच्यासारख्यांनी लिहून ठेवलेलं आमच्याही उपयोगी पडतं. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा) २०१६ चा आदेश आहे. तो सांगून तक्रार केली की ऐकणारा जरा सावध होतो.

केतकी_वि

सगळ्यांचे आभार. उद्याचीच डॉक्टरांची वेळ घेतली आहे, कॉइल आजपासून बंद. काका, तक्रारीत नक्की काय लिहू? आणि दुसरं घर बघताना काय बघू?

खाडीकाठ

तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वास कसा (अंड्याचा, आंबूस, जळका), वारा कुठून आणि मुलाला काय झालं, एवढं रोज वहीत. तीच वही डॉक्टरांनाही दाखव. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर तक्रार टाकता येते, फोटोसह. ‘खूप वास येतो’ या एका वाक्याला कुणी दाद देत नाही. तारीखवार नोंद असली की झटकून टाकणं अवघड जातं.

घराचं म्हणशील तर दुपारी चारला दलालाबरोबर पाहू नकोस. मुंबईत दुपारी वारा समुद्राकडून येतो. तेव्हा कांजूरचा वास खाडी ओलांडून ऐरोलीकडे जातो आणि इकडे सगळं छान वाटतं. रात्री जमीन थंड झाली की वारा फिरतो. थंडीत गार हवेचा थर खालीच दबून राहतो, म्हणून वास पहाटे सर्वात जास्त. तेव्हा आवडलेल्या घराच्या इमारतीखाली पहाटे पाचला जाऊन उभी राहा, लागोपाठच्या नव्हे, वेगवेगळ्या आठवड्यांत. रात्रपाळीच्या वॉचमनला विचार, तो खरं सांगतो. नवऱ्याचं ऑफिस पवईलाच असेल तर रेल्वेच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला आधी शोधा. भाडं थोडं जास्त पडेल. मुलाचे डॉक्टर दमा म्हणाले, तर ते द्यावं असं मी म्हणेन.