टॅबपेक्षा झेरॉक्स कामाला आली

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा गरिबांच्या पोरांना टॅब वाटले असते तर ती अभ्यासात मागे पडली नसती असं दोघातिघांनी लिहिलंय, अर्धंच पटतंय. आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, विजेचे खांब आडवे, वाडीत महिनाभर लाईट नाही, मग टॅब काय चुलीवर चार्ज करणार? दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही शाळेच्या अभ्यासाची मालिका सुरू झाली ती जुलैत, चांगली होती, पण पत्रे उडालेल्या घरातला टीव्ही भिजून कधीच गेलेला.

आमच्याकडे चाललं ते झेरॉक्सवर. माझी वहिनी प्राथमिकला शिकवते, ती आठवड्याचा अभ्यास दोन पानांवर हाताने लिहायची आणि कॉप्या रेशन दुकानात ठेवायची, तांदूळ न्यायला आईबाप येणारच ना! सोडवलेली पानं परत तिथेच, निम्म्यांना सुकटीचा वास. बारकी पोरं त्यावर टिकली. नववी-दहावीची मात्र हातची गेली. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली, बाहेरचे खलाशी आपापल्या गावी अडकलेले, मग बोटीवर हीच पोरं. एकदा हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर काय, नोव्हेंबरात वर्ग उघडले तेव्हा आमच्या वाडीतल्या पाचातले दोघंच परत गेले.