'माशी घालून देऊ?' : सांबुका, बडीशेप आणि एक अडलेलं वाक्य

लेखणीवाली
एका इटालियन कथेचा अनुवाद करते आहे. जेवण उरकलंय, वेटर सांबुकाची बाटली घेऊन येतो आणि विचारतो, 'कोन ला मोस्का?' मोस्का म्हणजे माशी. पाहुणा हो म्हणतो, वेटर पेल्यात कॉफीच्या तीन बिया सोडतो. मी सरळ 'माशी घालून देऊ?' असं लिहिलं. संपादकांनी 'माशी' खोडून 'कॉफीच्या बिया घालून देऊ?' केलं. पण पुढच्याच ओळीत पाहुण्याची बायको दचकते. माशीच गेली तर ती दचकेल कशाला?
शिवाय सांबुकाची ओळख मी 'बडीशेपेच्या स्वादाची गोड दारू' एवढीच दिली आहे. ती चालेल ना?

मावळतीचा
संपादकांचं बरोबर आहे. आपल्याकडे माशी पडली की विषय संपला. 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' म्हणतो ते उगीच नाही. 'माशी शिंकली' म्हणजेही बिनसलंच. मराठीत माशीला एकही चांगला वाक्प्रचार नाही. 'तीन दाण्यांची' म्हणा.

तिबेरकाठ
माशी ठेवाच, अशी माझी कळकळीची विनंती. मी रोममध्ये राहतो. इथेही माशी पडलेलं पेय कुणाला आवडत नाही, त्या नावातली गंमतच ती आहे. जाड बुडाचा छोटा पेला, पाण्यासारखी नितळ दारू आणि वर तरंगणाऱ्या तीन काळ्या भाजलेल्या बिया. लांबून खरोखर माश्या वाटतात. पिता पिता त्या दाताखाली फोडायच्या, म्हणजे गोडाला कडू चव मिळते. तीन बिया आरोग्य, सुख आणि भरभराट यांच्यासाठी, असं सांगतात. काही जण वरून काडी लावतात, निळी ज्योत उठते, बिया किंचित भाजल्या की बशी झाकून विझवायची आणि पेला निवू द्यायचा. घाई केली तर काठाने ओठ भाजतो.
या दारूचं गाव चिवितावेक्किया, रोमजवळचं बंदर. तिथे लुइजी मान्झींनी 1851 मध्ये ती विकायला सुरुवात केली. मोलिनारी ही सांबुका बनवणारी दुसरी मंडळी, ते 1945 पासूनचे.

शेपूवाला
माशीचं काय ते ठरवा, पण 'बडीशेपेच्या स्वादाची' हे चूक आहे. बडीशेप वेगळी, अनिस हा तसल्याच वासाचा मसाला वेगळा. अनिसचे दाणे बारीक, झाडही निराळं. आपल्याकडे त्याला रुळलेलं घरगुती नाव नाही. 'विलायती बडीशेप' म्हणा हवं तर.

वाटणघाटण
आणि सांबुकात मुख्य तेल असतं ते चक्रीफुलाचं! आमच्या मालवणी मसाल्यात त्याला बाद्यान म्हणतात. आई मसाला भाजताना बाद्यान शेवटी टाकायची, आठ पाकळ्यांचं अख्खं फूल मिळालं की मला खेळायला द्यायची. त्यामुळे 'बाद्यानाची गोड दारू' हेच खरं.

शेपूवाला
बाद्यान हा शब्द फारसी. तिकडे बादियान म्हणजे बडीशेपच! चक्रीफुलाला ते 'बादियान-ए-खताई', म्हणजे चीनची बडीशेप म्हणतात. फिरून आपण तिथेच आलो.

तिबेरकाठ
तिन्हींत वासाचं द्रव्य एकच, अनेथॉल. ते मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून थंड पाणी ओतलं की सांबुका दुधाळ होते. लेबनॉनचा अरक, ग्रीकांचा उझो, तुर्कांची राकी, सगळ्यांचं तसंच.

मावळतीचा
अरक म्हणजे आपला अर्कच ना? अरबीत त्याचा अर्थ घाम. भट्टीत वाफ निवून जे थेंब जमतात ते. रुईला अर्क म्हणतात तो संस्कृत शब्द वेगळा. मग 'बडीशेपेचा अर्क' म्हणायला काय हरकत आहे? दारू हा शब्द कथेत भसाडा वाटतो.

वाटणघाटण
बडीशेपेचा अर्क बाळाच्या पोटदुखीला देतात हो! वाचणारीला औषधाची बाटली दिसेल. आणि सांबुकात लिटरमागे निदान 350 ग्रॅम साखर आणि 38 टक्के मद्यार्क असतो. लोक बोलताना दारूच म्हणतात, तीच राहू द्या.

जुनी_वही
कॉफीच्या 'बिया' का म्हणता सगळे? माझी आजी 'बुंद' म्हणायची. बुंद भाजायची, बुंद दळायची. अरबी 'बुन्न' वरून आला असणार. बी पेरायची असते, भाजलेली बी कुठली पेरता? 'तीन बुंददाणे' किती छान वाटतं!

मावळतीचा
छान वाटतं, पण आज कुणाला कळेल?

जुनी_वही
न वापरल्यानेच कळेनासा झाला आहे. आपणच वापरला नाही तर कोण वापरणार?

शेपूवाला
शेप आलीच आहे तर सांगतो. शतपुष्पा, त्यावरून शेप, त्याचीच शेपू. 'बडी' मात्र मराठी नाही, नाहीतर 'मोठीशेप' झालं असतं. नाव उत्तरेतून आलेलं दिसतं. आणि कृपया 'बडीशोप' लिहू नका.

वाटणघाटण
का लिहू नये? आमच्याकडे बडीशोपच म्हणतात. बाळंतिणीला देतात त्या बाळंतशोपा, बाळंतशेपा नाहीत. घराघरांत बोललं जातं ते अशुद्ध कसं?

लेखणीवाली
मंडळी, माझी माशी राहिली. त्याच प्रसंगात पुढे 'अम्माझ्झाकाफ्फे' हा शब्दही आहे. शब्दशः 'कॉफी मारणारा', कॉफीनंतर तिची चव घालवायला घेतात तो घोट. याला काय म्हणू?

तिबेरकाठ
'कॉफीवरचा उतारा'. चढलेल्यावर उतारा असतोच आपल्याकडे. आणि कॉफीत साखरेऐवजी सांबुका घातली की ती 'कोर्रेत्तो', म्हणजे दुरुस्त केलेली कॉफी.

लेखणीवाली
उतारा! हा घेतला, मनापासून आभार. आता माशीचं सांगा. 'माशी घालून देऊ?' ठेवून बाई दचकल्यावर वेटरच बिया दाखवतो, असं अर्धं वाक्य माझ्याकडून घातलं तर ती मूळ लेखकाशी लबाडी होईल का?

शेपूवाला
त्याचं नंतर बघू. बाळंतशोपा शेपूच्या असतात, बडीशेपेच्या नव्हेत. म्हणजे त्या दाखल्याने बडीशोप सिद्ध होत नाही.

वाटणघाटण
शेपूच्या असतात हे मलाही माहीत आहे. पण मग शेपूला शोपू का म्हणत नाही कुणी, ते तुम्ही सांगा.